दत्तकपुत्र आणि सोबतीचे वारीस: आरंभीच्या ख्रिस्ती धर्मविचारातील कुटुंबाची भाषा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘दत्तक’ ही कल्पना नव्या करारात नेमकी कुठे येते?

ती फक्त पाच ठिकाणी येते, आणि पाचही ठिकाणे प्रेषित पौलाच्या नावाने असलेल्या पत्रांतली आहेत: रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात दोनदा (ओवी 15 आणि 23), नवव्या अध्यायात एकदा (ओवी 4), गलतीकरांस पत्रात 4:5 येथे आणि इफिसकरांस पत्रात 1:5 येथे. इफिसकरांस पत्र स्वतः पौलाने लिहिले की त्याच्या परंपरेतल्या कोणी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. बाकीची दोन पत्रे निःसंशय त्याचीच मानली जातात. मूळ ग्रीक शब्द आहे ‘हुइओथेसिया’. ‘हुइओस’ म्हणजे पुत्र आणि ‘थेसिस’ म्हणजे स्थापना. तेव्हा शब्दाचा सरळ अर्थ ‘पुत्राच्या जागी बसवणे’ असा होतो. हा शब्द जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात नाही आणि चार शुभवर्तमानांतही नाही. तो शिलालेखांतला आणि कागदोपत्री व्यवहारातला शब्द होता. पौलाने देवाशी असलेले नाते सांगायला व्यवहारातला शब्द निवडला, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक उत्तरात लक्षात ठेवावी लागेल.

अनाथ बालकाला देवाने मायेने जवळ घेतले, असाच त्याचा अर्थ ना?

आज ‘दत्तक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बालकाश्रम, पाळण्यातले मूल आणि मूल नसलेले जोडपे उभे राहते. पहिल्या शतकातल्या रोमन माणसापुढे हे चित्र उभे राहत नव्हते. त्या समाजात दत्तक घेतले जाणारे बहुधा वयात आलेले पुरुष असत. त्यांचे जन्मदाते वडील अनेकदा हयात असत, आणि दत्तक घेण्याचे कारण घराण्याचे नाव, कुलदेवतांची सेवा आणि मालमत्ता पुढे चालवणे हे असे. ज्युलियस सीझरने आपल्या मृत्युपत्रात ऑक्टेव्हियनला पुत्र केले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ऑगस्टस झालेल्या त्याच ऑक्टेव्हियनने इ. स. 4 मध्ये टायबेरियसला दत्तक घेतले, तेव्हा टायबेरियसचे वय चाळिशीच्या पुढे गेले होते.

पौलाने रोमकरांस पत्र इ. स. 57 च्या सुमारास लिहिले. त्या वेळी राज्य करणारा नीरो हा क्लॉडियसने इ. स. 50 मध्ये घेतलेला दत्तकपुत्र होता. म्हणजे रोममधल्या ज्या लहानशा घरगुती मंडळीत हे पत्र वाचून दाखवले गेले, त्यातल्या गुलामांना, मुक्त झालेल्या दासांना आणि कारागिरांना हे पुरते ठाऊक होते की दत्तकविधानाने माणूस साम्राज्याचा धनी होऊ शकतो. त्यांना ‘तुम्ही दत्तक आहात, म्हणून वारीस आहात’ असे सांगितले गेले, तेव्हा त्यांच्या कानांवर दयेपेक्षा हक्काची भाषा पडली असणार. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडच्या प्रवचनांत तोच बहुतेकदा सुटतो.

मग मराठीतला ‘दत्तकपणा’ हा शब्द योग्य आहे का?

माझ्या मते फार योग्य आहे, किंबहुना अनेक भाषांतल्या प्रतिशब्दांपेक्षा मूळ अर्थाच्या जवळचा आहे. मराठी परंपरेत दत्तकविधान म्हणजे मुलाचे प्रत्यक्ष देणे आणि घेणे, दत्तहोम, जुने गोत्र सुटून नवे गोत्र लागणे आणि वंश व वारसा पुढे चालणे. पश्चिम भारतात प्रमाण मानल्या गेलेल्या नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या परंपरेत विवाहित पुरुषालाही दत्तक घेता येत असे, आणि ही गोष्ट रोमन प्रथेच्या किती जवळ आहे हे सांगायला नको. शिवाय 1848 साली ‘दत्तक नामंजूर’ झाल्यावर साताऱ्याचे राज्य कसे गेले, हे मराठी माणसाला शाळेपासून माहीत असते. दत्तक मान्य होणे किंवा न होणे यावर सगळा वारसा अवलंबून असतो, हे ज्याला समजते त्याला गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय समजायला वेळ लागत नाही.

एक फरक मात्र आहे. महाराष्ट्रात विधवेला दत्तक घेण्याचा अधिकार परंपरेने होता. रोमन कायद्यात स्त्रीला तो नव्हता, कारण पोटच्या मुलांवरही तिची कायदेशीर सत्ता मानलेली नव्हती. ज्यांची मुले वारली आहेत अशा स्त्रियांना सम्राटांनी सवलत दिली ती तिसऱ्या शतकाच्या अखेरीस.

रोमन दत्तकविधान प्रत्यक्षात कसे होत असे?

दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस याने ते तपशिलात लिहून ठेवले आहे. वयात आलेले किमान पाच रोमन नागरिक साक्षीदार म्हणून उभे राहतात आणि सहावा माणूस हातात ब्राँझचा तराजू धरतो. मुलाला ‘विकत घेणारा’ त्याच्यावर हात ठेवून ठरलेले शब्द उच्चारतो, ब्राँझच्या तुकड्याने तराजूवर टकटक करतो आणि तो तुकडा किंमत म्हणून वडिलांच्या हाती देतो. मग तो मुलाला मुक्त करतो. मुक्त झालेला मुलगा पुन्हा वडिलांच्या सत्तेखाली येतो. वडील त्याला दुसऱ्यांदा विकतात, तो दुसऱ्यांदा मुक्त होऊन परत येतो. ‘वडिलांनी पुत्राला तीनदा विकले तर पुत्र वडिलांपासून मुक्त होवो’ असा बारा पाट्यांच्या प्राचीन कायद्याचा नियम असल्यामुळे तिसऱ्या विक्रीनंतर वडिलांची सत्ता कायमची संपते. त्यानंतर न्यायाधिकाऱ्यासमोर दत्तक घेणारा ‘हा माझा पुत्र आहे’ असा दावा करतो, समोरून कोणी हरकत घेत नाही, आणि अधिकारी तो दावा मान्य करतो. ऑगस्टसने आपले नातू गायस आणि लुसियस यांना त्यांचे वडील अग्रिप्पा यांच्याकडून स्वतःच्या घरी असेच तराजूने ‘विकत घेतले’, असे रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो.

जो कोणाच्याही सत्तेखाली नाही, म्हणजे ज्याचे वडील वारले आहेत, अशा स्वतंत्र पुरुषाला दत्तक घ्यायचे असेल तर विधी वेगळा होता. त्याची चौकशी धर्माधिकारी करीत आणि मंजुरी रोममधल्या लोकसभेची लागे, कारण अशा दत्तकाने एक अख्खे घर दुसऱ्या घरात विलीन होत असे.

दत्तक घेतल्यावर जुनी कर्जे माफ होत आणि दत्तकपुत्राला कधीही घराबाहेर काढता येत नसे, असे प्रवचनांत ऐकले आहे. ते खरे आहे का?

पहिले अर्धवट खरे आहे आणि दुसरे खरे नाही. स्वतंत्र पुरुषाला दत्तक घेतले की त्याचे जुने कायदेशीर अस्तित्व संपे आणि त्याच्यावरची कर्जे जुन्या दिवाणी कायद्याप्रमाणे नाहीशी होत. पण सावकार बुडू नयेत म्हणून न्यायाधिकाऱ्यांनी त्यांना वेगळा उपाय उपलब्ध करून दिला होता. दत्तकपुत्राला वडील आपल्या सत्तेतून मोकळे करू शकत होते आणि मग त्याचा वारसाहक्क जात असे. ऑगस्टसने टायबेरियसबरोबरच दत्तक घेतलेल्या अग्रिप्पा पोस्ट्युमसला पुढे घराण्यातून दूर करून बेटावर पाठवले गेले. देव आपल्या लेकरांना टाकत नाही ही श्रद्धा पौलाची नक्कीच आहे. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय तिनेच संपतो. परंतु ती श्रद्धा त्याने रोमन कायद्यातून घेतलेली नाही, आणि चांगल्या शिकवणुकीला चुकीच्या इतिहासाचा टेकू देण्याचे कारण नाही.

या रूपकाची मुळे यहुदी आहेत की रोमन?

यावर विद्वानांत खरा वाद आहे. यहुदी धर्मशास्त्रात दत्तकाचा औपचारिक कायदा नव्हता, पण दत्तकासारखे प्रसंग पुष्कळ आहेत: फारोच्या मुलीने मोशेला वाढवले, मर्दखयाने एस्तेरला मुलगी मानले, याकोबाने योसेफाच्या दोन्ही मुलांना आपलेच म्हटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘इस्राएल माझा पुत्र, माझा ज्येष्ठ पुत्र आहे’ हे निर्गममधले वचन आणि दाविदाच्या वंशजाविषयीचे ‘मी त्याचा पिता होईन आणि तो माझा पुत्र होईल’ हे दुसऱ्या शमुवेलातले अभिवचन. पौल स्वतः रोम 9:4 मध्ये दत्तकपणा हा इस्राएलाचा ठेवा असल्याचे सांगतो, त्यामुळे आशय यहुदी आहे हे मान्य करावेच लागते. शब्द मात्र ग्रीक-रोमन व्यवहारातला आहे. पौल इस्राएलाची जुनी गोष्ट अन्यजातीच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या, लोकांना त्यांच्या ओळखीच्या शब्दात सांगत होता, असे मानले तर दोन्ही बाजूंचे पुरावे नीट बसतात.

‘अब्बा’ म्हणजे लहान मुलाचे बोबडे ‘बाबा’ का?

नाही. हा अरामी शब्द नव्या करारात तीनदा येतो: गेथशेमाने बागेत येशूच्या तोंडी (मार्क 14:36) आणि पौलाच्या दोन पत्रांत, तेही दोन्ही वेळा दत्तकपणाच्या अगदी शेजारी. विसाव्या शतकात बायबलचे अभ्यासक योआखिम येरेमियास यांच्या लेखनामुळे त्या शब्दातल्या जवळिकीवर भर दिला गेला आणि त्यातून बोबड्या बोलाची कल्पना पसरली. 1988 साली जेम्स बार यांनी दाखवून दिले की मोठी झालेली मुलेही वडिलांना हीच हाक मारीत. ग्रीक बोलणाऱ्या मंडळ्यांनी हा परका शब्द भाषांतर न करता तसाच जपला, कारण तो येशूच्या प्रार्थनेतला होता. जी हाक थोरल्या भावाने मारली तीच हाक मारण्याचा अधिकार दत्तक भावंडांना मिळाला, असा त्याचा रोख आहे.

केवळ ‘पुत्र’ का? मुलींचे काय?

पौलाच्या काळातल्या कायद्यात नाव आणि घराणे पुढे नेण्याचे काम पुत्राकडे असे, म्हणून त्याने पुत्राचा शब्द वापरला. पण गलती 3:26 मध्ये ‘तुम्ही सर्व पुत्र आहात’ असे म्हटल्यावर दोनच ओव्यांनंतर तो ‘पुरुष व स्त्री हा भेद नाही’ असे लिहितो. त्या मंडळीत बसलेल्या स्त्रीला, ती गुलाम असली तरी, पुत्राचा दर्जा दिला जात होता. भाषांतरात ‘पुत्र’ऐवजी ‘लेकरे’ म्हणणे सर्वसमावेशक वाटते, परंतु त्यामुळे वारसाहक्काची धार बोथट होते. भाषांतरकाराने यातले काय सोडायचे ते जाणीवपूर्वक ठरवावे.

योहानाच्या शुभवर्तमानात ‘नव्याने जन्मणे’ आहे. मग दत्तक की जन्म?

दोन्ही. योहान विश्वासणाऱ्यांना ‘देवाची लेकरे’ म्हणतो आणि ‘पुत्र’ हा शब्द येशूसाठी राखून ठेवतो. पौल येशूला पुत्र म्हणतो आणि विश्वासणाऱ्यांनाही पुत्रपण देतो. जन्माच्या रूपकात नाते रक्तामांसाइतके खोल असते, दत्तकाच्या रूपकात ते निवडीतून आणि वचनातून येते. आरंभीच्या लेखकांनी ही दोन रूपके एकमेकांत मिसळून वापरली आणि बाप्तिस्म्याच्या कुंडाला कधी मातेचे उदर म्हटले.

येशूसुद्धा देवाचा दत्तकपुत्रच होता, असे काही जण मानत ना?

मानत होते, आणि या प्रश्नावर शतकानुशतके वाद झाला. बायझँटियमहून रोमला आलेला थिओडोटस नावाचा चर्मकार असे शिकवीत असे की येशू हा पुण्यवान माणूस होता व बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्यावर दैवी सामर्थ्य उतरले. रोमचा बिशप व्हिक्टर याने इ. स. 190 च्या सुमारास त्याला मंडळीबाहेर काढले. अंत्युखियाचा बिशप सामोसाताचा पौल याला 268 साली धर्मसभेने पदावरून दूर केले, तेव्हाही आरोप याच दिशेचा होता. या मतांना आज ‘दत्तकवाद’ म्हणतात, पण ते नाव नंतरच्या अभ्यासकांनी दिलेले आहे. आठव्या शतकात स्पेनमध्ये तोलेदोचा एलिपांडुस आणि उर्गेलचा फेलिक्स यांनी ख्रिस्ताच्या मानवी स्वभावापुरता ‘दत्तक’ हा शब्द वापरला, आणि 794 मध्ये फ्रँकफुर्टच्या धर्मसभेने त्यांचे मत नाकारले.

मुख्य प्रवाहाने दत्तकाचा शब्द येशूसाठी नाकारला, पण त्यामागे दत्तकपुत्राला कमी लेखण्याचा हेतू नव्हता. लियोंचा बिशप इरेनियस याने इ. स. 180 च्या सुमारास असा विचार मांडला की देवाचा पुत्र मनुष्याचा पुत्र झाला, तो मनुष्याने ‘शब्दाशी’, म्हणजे त्या पुत्राशी, जोडले जाऊन, दत्तकपण स्वीकारून, देवाचा पुत्र व्हावे म्हणून. चौथ्या शतकात एरियसने पुत्राला निर्मितीत गणले, तेव्हा 325 च्या निकाया येथील सभेने पुत्र ‘जन्मलेला आहे, निर्माण केलेला नाही’ असे ठरवले, आणि अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने या निर्णयाची बाजू याच रूपकाच्या आधारे लढवली. ख्रिस्त स्वभावाने पुत्र आहे, आपण कृपेने. आणि खरा पुत्रच नसेल तर त्याच्यामुळे इतरांना पुत्रपण मिळणार कसे, हा त्याचा सवाल होता. ज्या घरात आपल्याला घेतले जायचे, त्या घरातले नाते अस्सल असायला हवे.

देवाला पुत्र होताच, तर दत्तक घेण्याची गरज काय?

वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांत हा मला सर्वांत मार्मिक वाटतो, कारण रोमन रूढीप्रमाणे दत्तक हा निपुत्रिकाचा उपाय होता. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने योहानाच्या शुभवर्तमानावरील आपल्या प्रवचनांत हाच प्रश्न हाती घेतला. तो म्हणतो की माणसे मूल झाले नाही म्हणून उतारवयात दत्तक घेतात, आणि ज्याला एकुलता एक मुलगा असतो त्याला आनंदच होतो, कारण सगळी इस्टेट त्या एकट्याची होते व वाटणी मागून त्याला गरीब करणारा कोणी उरत नाही. देवाने तसे केले नाही. जो एकुलता एक होता त्यालाच त्याने जगात पाठवले, तो एकटा राहू नये, त्याला दत्तक भावंडे असावीत म्हणून. त्या एकुलत्या एकाला सोबतीच्या वारसांची भीती वाटली नाही, कारण त्याचा वारसा असा आहे की कितीही जणांनी उपभोगला तरी तो कमी पडत नाही.

ज्यांनी भाऊबंदकी पाहिली आहे, बांधावरून तुटलेली सख्खी नाती पाहिली आहेत आणि सातबाऱ्यावर एक नाव वाढले की घरातला अबोला कसा वाढतो हे अनुभवले आहे, त्यांना ऑगस्टीनचे म्हणणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दत्तक येणार म्हटल्यावर घरातला वारीस सर्वांत आधी हरकत घेतो. इथे तोच दत्तक भावंडांना आणायला जातो.

हे सगळे शब्दांपुरतेच होते, की माणसे खरोखर कुटुंबासारखी वागत होती?

बाहेरच्या लोकांच्या डोळ्यांत येण्याइतके तरी ते खरे होते. ख्रिस्ती लोक एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात आणि त्यांच्यात विवाहही होतात, यावरून त्यांच्यावर अगम्यगमनाचे, म्हणजे सख्ख्या नात्यात शरीरसंबंध ठेवण्याचे, आरोप झाले, आणि अथेनागोरस या ख्रिस्ती लेखकाला इ. स. 177 च्या सुमारास सम्राटापुढे त्यांचे खंडन करावे लागले. कार्थेजच्या टर्टुलियनने त्यानंतर वीसेक वर्षांनी असे उत्तर दिले की आमच्यात बायका सोडून सगळे सामाईक असते.

या नव्या नात्याची किंमतही होती. मार्क 10:29–30 लक्ष देऊन वाचावे: सोडून आलेल्यांच्या यादीत घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुले आणि शेते आहेत, शंभरपटीने परत मिळणाऱ्यांच्या यादीत बाप तेवढा नाही. बाप एकच, स्वर्गातला. 203 साली कार्थेजच्या तुरुंगात सुमारे बावीस वर्षांची व्हिबिया पर्पेतुआ अंगावर पिणाऱ्या मुलासह कैद होती. तिची समजूत घालायला आलेल्या वडिलांना तिने समोरचे भांडे दाखवून विचारले की याला याच्या नावाखेरीज दुसरे काही म्हणता येईल का. तशीच मीही ख्रिस्ती याखेरीज स्वतःला काही म्हणू शकत नाही. नंतर पुन्हा आलेल्या त्या वृद्धाने आपल्या पिकल्या केसांची आण घातली, तिचे हात चुंबले आणि रडत तिला ‘मुली’ न म्हणता ‘बाईसाहेब’ म्हटले. वडिलांच्या दुःखाने तिला किती क्लेश झाले हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि म्हणूनच ते पान वाचताना कोणत्याही एका बाजूला सहज उभे राहता येत नाही.

प्रत्यक्षात अनाथ मुलांना कोणी दत्तक घेत असे का?

होय. त्याच तुरुंगात फेलिसितास नावाची गुलाम स्त्री बाळंत झाली, आणि तिच्या मुलीला एका ख्रिस्ती बहिणीने स्वतःची मुलगी म्हणून वाढवले, असे त्याच वृत्तान्तात एका ओळीत सांगितले आहे. त्या बहिणीचे नाव दिलेले नाही. नवजात मुले, विशेषतः मुली, उघड्यावर टाकून देण्याची प्रथा त्या जगात रूढ होती. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरने तिला जाहीर विरोध केला. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिरिया भागात तयार झालेल्या ‘प्रेषितांचे नियम’ या संग्रहात म्हटले आहे की ख्रिस्ती मूल अनाथ झाले तर ज्या बंधूला अपत्य नाही त्याने त्याला पुत्राच्या जागी मानून घरी न्यावे.

गुलाम आणि मालक एकाच घरातले भाऊ, हे कसे जमले?

पुरते जमले नाही. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात पौल फिलेमोनाचा दास अनेसिम याला ‘बेड्यांत असताना मला झालेले लेकरू’ म्हणतो आणि त्याला ‘आता दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून’ स्वीकारायला सांगतो. परंतु ख्रिस्ती घरांत गुलामगिरी पुढेही शतकानुशतके राहिली, आणि ‘देवाचे घराणे’ हीच भाषा काही वेळा अधिकाऱ्यांची सत्ता पक्की करायलाही वापरली गेली. रूपकाने जे वचन दिले ते समाजाने पाळले नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे.

‘हे आमच्या पित्या’ ही प्रार्थना म्हणण्याचा अधिकार केव्हा मिळत असे?

ऑगस्टीनच्या हिप्पोमध्ये, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबा येथे, बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना ती आधीपासून माहीत असावी अशी अपेक्षा नव्हती. पुनरुत्थानाच्या सणाआधी त्यांना प्रथम विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचे थोडक्यात कथन, शिकवला जाई, आणि तो पाठ म्हणून दाखवल्यावर ही प्रार्थना त्यांच्या हाती सोपवली जाई. ती देताना ऑगस्टीन त्यांना सांगे की या पित्याखाली मालक आणि गुलाम भाऊ आहेत, सम्राट आणि साधा शिपाई भाऊ आहेत, श्रीमंत आणि गरीब भाऊ आहेत. पुढचे आठ दिवस ते ती पाठ करीत. सणाच्या रात्री ते कुंडात उतरत, वर येत, पांढरी वस्त्रे नेसत, आणि मग इतर भावंडांबरोबर वेदीपुढे उभे राहून मोठ्याने ‘पित्या’ म्हणत.